वानखडे भाऊंचा गोऱ्हा

वानखडे भाऊ मला पहिल्यांदा दिसले ते माझ्याच गाडीच्या मागे, ओणवे होऊन सायलेन्सरला कान देताना. एडमंटनमध्ये आम्ही नवीनच राहायला आलो होतो. बाहेर उणे वीस. गाडी गरम व्हायला ठेवून मी हातमोजे आणायला आत गेलो आणि परत येतो तर हे पन्नाशीचे गृहस्थ धुरात वाकलेले.

"सर्दी आहे हिले," नमस्काराच्या आधी त्यांनी सांगितलं. "नाकातून बोलून राहिली. आवाज कसा, छातीतून आला पायजे."

हे आमचे शेजारी. मूळचे अमरावतीचे, एका पाइपलाइनच्या कंपनीत इंजिनियर. मी पुण्याचा आहे एवढं कळल्यावर त्यांनी माझं नाव विचारलंच नाही. 'पुणेकर' एवढ्यावर आमचं भागलं.

त्यांच्याकडे आठ सिलिंडरचा काळा पिकअप ट्रक होता. त्याचं नाव गोऱ्हा. इथले लोक असल्या ट्रकमधून लाकडं नेतात, जुने फ्रिज नेतात. भाऊंच्या गोऱ्ह्याच्या पाठीवर मी कधी कोथिंबिरीची जुडी पाहिली नाही. ग्रोसरी आतल्या सीटवर पट्टा लावून बसायची.

एका वसंतात त्यांनी जाहीर केलं, "गोऱ्ह्याले हेडर टाकतो."

हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारे पाइप. कंपनीचे जाड ओबडधोबड असतात; हौशी लोक ते काढून लांब, गुळगुळीत, शेवयांसारखे वळलेले स्टीलचे पाइप बसवतात. ताकद थोडी वाढते. आवाज बराच वाढतो.

"गॅरेजमध्ये देऊन टाका ना," मी म्हणालो.

"पोराचं बारसं का गॅरेजवाल्याच्या घरी करते कोणी?"

पाइप आले आणि आठवडाभर डायनिंग टेबलवर राहिले. नवरा-बायको त्यांच्या दोन बाजूंना बसून जेवत. नवीन वस्तू घरात आली म्हणून वनितावहिनींनी त्यांना हळदकुंकूही लावलं.

शनिवारी भाऊ लग्नातला सफारी घालून ट्रकखाली गेले. "दुसरीकडं घालू कुठं?" हे त्याचं कारण. माझं काम टॉर्च धरणं आणि हो म्हणणं.

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने ट्रकचे बोल्ट पार गंजले होते. भाऊ त्यांच्यावर जोर करत नसत. तेल मारायचे, आच दाखवायचे आणि समजूत घालायचे, "ये माय, ये. कोणी मारत नाही तुले." एक बोल्ट तरीही मोडला. मग भाऊ बाहेर आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "गेली बिचारी." वहिनींनी आणलेला चहा त्या दिवशी त्यांनी बिनसाखरेचा घेतला.

ट्रक उघडा पडल्यामुळे भाऊ माझ्या गाडीतून ऑफिसला जाऊ लागले. काच खाली करून बसत आणि शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं निदान करत. मला सर्दी झाली.

अखेर एका रविवारी पाइप बसले. भाऊंनी नारळ फोडला आणि किल्ली फिरवली. नव्या पाइपांना लागलेलं तेल जळू लागलं, गॅरेजमधून असा धूर निघाला की समोरच्या म्हाताऱ्या बिलने फायर ब्रिगेडला फोन केला. लाल बंब आला. एकजण वाकून ट्रकखाली शिरला आणि बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाला, "नाइस हेडर्स."

भाऊंनी सगळ्यांना चिवडा दिला. बंब निघाला तसे त्याच्या मागे चार पावलं चालत गेले, ऐकलं आणि परत आले. "याची छाती साफ आहे," म्हणाले.

त्यानंतर रोज संध्याकाळी गोऱ्हा गल्लीत शिरला की आमच्या खिडक्या थरथरत. बिलचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसे. शेवटी बिल माझ्याकडे आला. "सॉरी," त्याने सुरुवात केली. इथली तक्रार अशीच सुरू होते. "तू तुझ्या मित्राशी बोल. नाहीतर मला सिटीला कळवावं लागेल."

मी बोलायला गेलो तेव्हा भाऊ ऑफिसातून आले नव्हते. किचनचा दिवा चालू होता, पण बेल दोन-तीनदा वाजवूनही कोणी येईना. बाजूने जाऊन मी खिडकीपाशी हात हलवला. वनितावहिनी केवढ्या तरी दचकल्या, मग हसून दार उघडलं.

"बेल ऐकू नाही आली का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि आपल्या कानाला बोट लावलं. "दोन वर्षं झाली, कमीच होऊन राहिलं. मशीन लावलं का डोकं भणभणते. हे मागून येतात, मले समजतच नाही. मागच्या हिवाळ्यात खांद्यावर हात ठेवला यायनं, अन् मी अशी दचकले, कढई हातावर आली." मनगटावर फिकट डाग होता. "लई रडले तेव्हा. मी नाही, हे."

वहिनी पुन्हा कणीक मळायला लागल्या. थोड्या वेळाने फळीवरचे कप किणकिणले. त्यांनी ते ऐकले नसतील. पण हात थांबले, तळवा ओट्यावर सपाट टेकला.

"आले," त्या म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवलं.

बिलला मी दुसऱ्या दिवशी सारं सांगितलं. तक्रार झाली नाही. कुत्र्याला तो त्या वेळी मांडीवर घेऊन बसू लागला. पण आदल्या संध्याकाळी मी वहिनींकडून निघालो तेव्हा भाऊ दारातच भेटले.

"काहून आला होतास?"

"सहज. वहिनींशी बोलत बसलो."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं. "मंग खरं सांग, पुणेकर. तिले कुठपासून समजलं? दारापासून का कोपऱ्यापासून?"

"कोपऱ्यापासून."

"मंग बरं झालं," ते म्हणाले. आणि आत चहा व्हायला वेळ मिळावा म्हणून असेल, पायरीवर बसून बुटाच्या नाड्या फार सावकाश सोडू लागले.