ओली मिरची आणि हरवलेली लायब्ररी

"आयतं पीठ, आयता खडा, हातनं दळं, त्यानाच वडा!" जात्यावर बसून आई म्हणायची. आई गेली, जातं मोडीत गेलं. भाग्येशच्या कानातली ओवी मात्र गेली नाही. म्हणून तर नंदुरबारात नवनीतशेठच्या मिरची खरेदीवर वजनकाट्याला कॉम्प्युटर जोडायची वेळ आली, तेव्हा त्याने तयार डेटाबेसकडे नाक मुरडलं. डेटाबेसचा मूळ कोड उतरवून तो स्वतःच बांधायला, म्हणजे बिल्ड करायला बसला.

पडद्यावर लाल ओळ उमटली: रीडलाइन लायब्ररी सापडत नाही.

शेठ वाकले. "लायब्ररी? बसस्टँडमांगे शे ना! माणूस धाडू का?"

"ती नव्हे शेठ. ही प्रोग्रामला लागणारी, डाउनलोड करावी लागते."

बाहेर ओल्या मिरचीच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. पहिलीच भाग्येशच्या वडिलांची, नवलआप्पांची. तोडून आणलेली ओली मिरची उन्हात उभी केली की वाळते, वाळली की वजन घटतं. आणि काटा चालू झाल्याशिवाय वजन नाही.

रीडलाइन आली तर झेडलिब नावाची दुसरी लायब्ररी अडून बसली. तिची समजूत काढली तर तिसरी रुसली. लग्नातल्या आत्याच जणू!

खिडकीतून आप्पा ओरडले, "भाग्या, मन्ही मिरची वाळी ऱ्हायनी रे!"

"आप्पा, आयतं घ्यायचं नाही, आईनंच शिकवलं ना!"

"तुन्ही मायनी पीठनं सांगं व्हतं, यंत्रनं नही!"

शेठ मात्र देवमाणूस. "घाई नको भाऊ," म्हणत चहा पाठवला, वर फाफडा.

दुपारी बिल्ड झालं. डेटाबेस सुरू केला, तर पुन्हा तेच: लायब्ररी सापडत नाही!

"आत्तेच तं आनी ना?"

"आणली शेठ. सून घरात आली, पण सासूशी कुणी ओळखच करून दिली नाही."

ती ओळख करून देणारी एका ओळीची आज्ञा शोधता शोधता ऊन कललं. मग कुठे काटा बोलू लागला.

आप्पांच्या शिगोशीग भरलेल्या ट्रॉलीतली मिरची वाळून आता कडेच्या फळीखाली बसली होती. पावतीवरचं घटलेलं वजन पाहून त्यांनी ती चुरगाळून खिशात कोंबली. ट्रॅक्टर वळवून निघून गेले.

भाग्येशचा चेहरा पडला. "माफ करा शेठ. माझ्यामुळे तुमचा दिवस वाया गेला."

शेठनी दार लोटलं, आवाज उतरवला. "वाया? अरे, मिरची पथारीवर उनमा पसरीसन वाळाडाले मले मजूर लागतस. आज ती लोकेस्ना ट्रॉलीमाच वाळनी, फुकट! वजन वाळेलनं, भाव मातर ओलीनाच दिधा. मी सकायपास्नं हाई बोलनू नही, तुन्हं ध्यान मोडी म्हनीसन." त्यांनी फाफड्याची बशी पुढे सरकवली. "उद्याबी एखादी लायब्ररी हरवू दे."