पाच मिनिटांची पहाट

आमच्या तारांगणात सूर्य उगवायला पाच मिनिटं लागायची. सूर्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. रघुनाथ मुजुमदार त्याला त्याआधी वर येऊ देत नसत. शो पंचवीस मिनिटांचा. ग्रह, तारे, सप्तर्षी, आकाशगंगा, सगळं विश्व वीस मिनिटांत उरकायचं आणि उरलेली पाच मिनिटं एका पहाटेवर खर्च करायची. मशीनवर एक काळी गोल कळ होती. ती डाव्या हाताने ते इतकी हळू फिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं, माणसाला डुलकी लागली. घुमटाच्या कडेला आधी राखाडी पट्टा, मग जरासा गुलाबी, मग एकेक तारा विझत जाणार. तोवर बाहेर पुढच्या शोची पब्लिक दाराला खेटलेली आणि मी खिडकीत दात-ओठ खात बसलेली.

मी तिकीट खिडकीवर. नवऱ्याची बँकेतली बदली उज्जैनला झाली आणि आम्ही नानाखेड्याला घर केलं, त्यालाही आता वीस-बावीस वर्षं झाली. मुजुमदारकाकांच्या लेखी आम्ही कालपरवाचे. "तुम्ही लोक बदलीवाले, आम्ही दरबारवाले," असं ते सांगत. पूर्वज कोणे एके काळी दरबारच्या दफ्तरात लेखणी चालवायला आले म्हणून हा रुबाब. दरबारवाल्यांचा सध्याचा मुक्काम मात्र फ्रीगंजमध्ये, टावर चौकामागच्या दोन खोल्यांत. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झाले आणि तारांगणात निवेदक म्हणून आले. टेप लावायला त्यांचा सक्त विरोध. हाफ स्वेटर, टॉर्चला लावलेला लाल कागद आणि हातात माइक, असा त्यांचा बारमाही अवतार होता.

उज्जैनला येणारा माणूस सकाळपासून देवळंच करत असतो. घाट झाला, चार देवळं झाली, की बसवाला गाइड त्याला आमच्या दारात आणून उतरवतो. समोर भला मोठा घुमट दिसला की माणसं सवयीने चपला काढणार. आमच्या दाराशी शंभर-शंभर चपलांचा ढीग पडायचा आणि शो सुटल्यावर ज्याला जी सापडेल ती त्याची. काका माइकवरून रोज सांगायचे, "भाइयो, चप्पल पहनकर आइए. यहाँ कोई भगवान नहीं है." कुणी ऐकत नसे. एकदा एका म्हाताऱ्या आजींनी शो संपल्यावर त्यांना गाठलं आणि विचारलं, "दरसन तो हो गए भैया, परसाद कहाँ मिलेगा?" दुसऱ्या दिवसापासून काकांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या आल्या. मी चेष्टा केली तर म्हणाले, "बाई, तिला खाली हात कसं पाठवणार? इतक्या दुरून येऊन राहिली आहे ती."

एक शेटजी तर शनीची कडी बघून हात जोडून उभेच राहिले. साडेसाती चालू होती त्यांची. "साहब, इनको जरा जल्दी आगे बढ़वा दो." काका माइकवरूनच म्हणाले, "सेठजी, ये वाला शनि मेरे हाथ में है. आपका वाला नहीं."

हसायला येतं आता. तेव्हा मला हसू येत नसे, कारण बाहेरचा मोर्चा माझ्यावर यायचा. "बहनजी, अंदर सो गए क्या सब? हमको ओंकारेश्वर पहुँचना है." मी जाऊन दार ठोठावायची. आतून माइकवर काकांचा शांत आवाज, "बाहर कोई अधीर आत्मा है. ईश्वर उसको शांति दे." आतली पब्लिक हसायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शो सुटल्यावर मी भांडायला जायची. त्यांचं एकच उत्तर ठरलेलं. "सूर्याला कोणी धक्का मारतं का, बाई?"

शेवटी मी एक पाप केलं. रेघी कागदावर कार्यालयाला अर्ज लिहिला. पहाट फार लांबते, प्रेक्षकांचा खोळंबा होतो, तरी उचित कारवाई व्हावी. खाली सही केली नाही. "एक प्रेक्षक" एवढंच लिहिलं. आठवड्याच्या आत हुकूम आला: सूर्योदय एका मिनिटात करावा आणि शो एकवीस मिनिटांत संपवावा.

काकांनी हुकूम चष्मा वर करून दोनदा वाचला, घडी घालून स्वेटरच्या आत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गुरू ग्रहाला सुट्टी दिली. मंगळ झाला की एकदम शनी. वाचलेला सगळा वेळ पहाटेला. वर शोची वेळ बरोबर एकवीस मिनिटं, कुणाला बोलायला जागा नको. महिनाभराने एका शाळेच्या मास्तरीणबाईंनी आरडाओरडा केला, "हमारे कोर्स में बृहस्पति है, वो कहाँ गए?" कार्यालयातल्या साहेबांनी काकांना बोलावून झापलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, एवढा काय हट्ट त्या पहाटेचा?" ते म्हणाले, "गुरूशिवाय काम चालतं, बाई. लोकांना उठायला वेळ लागतो." मला वाटलं, झोपाळू पब्लिकबद्दल बोलताहेत.

मग नवीन मशीन आलं. जुनं, दोन डोक्यांचं काळं धूड चार माणसांनी उचलून गोदामात नेलं. आता सिनेमा तयार येतो, कुठल्या तरी स्टुडिओतला भारदस्त आवाज त्यात बोलतो, ऑपरेटरने फक्त बटण दाबायचं. शेवटचं चित्र गेलं की क्षणात छतावरच्या सगळ्या ट्यूबलाइटी आपोआप लागतात. निवेदकाचं काम उरलं नाही. काकांनी त्याबद्दल कुणाशी भांडण केलं नाही, मला वाटलं होतं करतील. त्यांनी साहेबांकडे एकच मागणं केलं. दिवे एकदम लावू नका, हळूहळू लावा. साहेब म्हणाले, "सिस्टम में नहीं है."

त्या दिवशी ते माझ्या खिडकीशी आले. "बाई, तुम्ही अर्ज छान लिहिता. मला एक लिहून द्या."

मी मान वर केली नाही. माझं अक्षर त्यांना रोज दिसत होतं, खिडकीवरच्या सगळ्या पाट्या मीच रंगवलेल्या. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक होतं आणि इतके महिने ते माझ्या डब्यातलं लोणचं मागून खात होते. मी लिहिलं. उजेड हळू यावा, पाच मिनिटं द्यावीत, एवढीच विनंती. "कारण काय लिहू?" विचारलं, तर म्हणाले, "कारण नका लिहू. कारण वाचून लोक हसतात." अर्जाला उत्तर आलं नाही. काकांनी माइक पुसून माझ्या टेबलावर ठेवला आणि सायकलवर बसून गेले.

घरी काकू होत्या, मूलबाळ नव्हतं. काकू म्हणजे हसतमुख बाई, गुडघ्यांनी बेजार. संक्रांतीला मी गेले की नवऱ्याची तक्रार ठरलेली. "हे घरी मौनीबाबा गं. सगळं बोलणं तिकडे अंधारात सांडून येतात." तारांगणात त्या एकदाही आल्या नाहीत. आमच्या गल्लीतली लाइट रोजच जाते, वेगळा अंधार कशाला बघायचा, असं म्हणायच्या. तारांगण सुटल्यावर काका दिवसभर घरी बसू लागले आणि काकू म्हणाल्या, आता माझ्याशी बोलायला शिकतील. शिकले की नाही, मला माहीत नाही. त्याच हिवाळ्यात काकू चार दिवसांच्या तापाने गेल्या.

आम्ही दोघं भेटायला गेलो. काका कोरडे ठणठणीत. येणाऱ्याला पाणी देत होते, खुर्ची सरकवत होते. माझ्या नवऱ्याशी अर्धा तास गिझरच्या थर्मोस्टॅटवर बोलले. घरी येताना मी म्हणाले, काय दगडाचा माणूस आहे. मी हे म्हणाले, हे मला लिहायलाच हवं.

दहाव्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला काका खिडकीशी उभे. डोकं तुळतुळीत, धोतराचा काठ ओला, सरळ राम घाटावरून आलेले. भटजी आपल्या वाटेने गेला आणि हे घरी जायचे ते इकडे आले. "एक तिकीट द्या."

"काका, सुतकात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"देव नाही ना इथे. मीच तर बोलत होतो रोज." आणि मग म्हणाले, "आज मी पब्लिक आहे, बाई."

त्यांच्यामागे एका बसची माणसं होती. तिकीट फाडता फाडता माझ्या नजरेला आलं की त्यातल्या सात-आठ जणांची डोकी अशीच ताजी भादरलेली होती. घाटावर अस्थी सोडायच्या, पिंड द्यायचे, आणि बस सुटायला वेळ आहे म्हणून गाइडने इकडे आणायचं. अशी डोकी मी वर्षानुवर्षं बघत आले होते. तिकिटं देत आले होते. कधी विचार केला नव्हता.

काकांना एकटं बसू द्यावंसं वाटेना. खिडकी बंद करून मी आत गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. एवढी नोकरी झाली, पण पूर्ण शो मी फारतर दोनदा बघितला असेल. माझं काम बाहेरचं. दिवे गेले. स्टुडिओतला आवाज प्रकाशवर्षांबद्दल बोलायला लागला, तारे भराभरा अंगावर यायला लागले. आणि थोड्या वेळाने मला दुसरेच आवाज ऐकू आले. मागच्या रांगेत कोणी नाक ओढत होतं. पलीकडे एक बाई तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती. एक दाढीवाला गडी, मघाशी गाइडशी हुज्जत घालणारा, लहान पोरासारखा रडत होता. सकाळपासून त्यांना कुठे जागाच मिळाली नव्हती. घाटावर भटजींची घाई, बसमध्ये नातेवाईक. इथे अंधार होता, सगळ्यांची तोंडं वर होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

माझ्या शेजारी मुजुमदारकाका रडत होते. आवाज नव्हता, पण खुर्ची हलत होती.

तेव्हा मला ती पाच मिनिटं कळली. हा माणूस माइकवर सप्तर्षी सांगता सांगता अंधारात हे सगळं ऐकत असायचा. या लोकांना डोळे पुसायला, नाक शिंकरायला, चेहरा पुन्हा नीट लावायला वेळ मिळावा म्हणून तो सूर्याला खाली दाबून धरायचा. आणि मी बाहेरून दार ठोठावत होते. माझी मला इतकी लाज वाटली की काय सांगू.

शो किती मिनिटांचा, हे मला पाठ होतं. आता दोन मिनिटांत सिनेमा संपणार आणि सगळ्या ट्यूबलाइटी लागणार. ऑपरेटर बटण दाबून चहाला गेलेला. मी चाचपडत, कुणाच्या तरी पायावर पाय देत, दाराच्या पडद्याआडून बाहेर पडले. मेन स्विच माझ्याच खिडकीमागे आहे. त्याला हात लावायची मला परवानगी नाही. मी तो खाली ओढला.

आत सगळं बंद. भारदस्त आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. कोणी ओरडलं नाही. मी दाराचा पडदा बाजूला केला आणि ते जाड दार बोटभर उघडलं. उजेडाची एक रेघ जमिनीवर पडली. मनात साठपर्यंत मोजलं, मग आणखी बोटभर. पुढच्या शोचा गाइड मागून ओरडायला लागला, "बहनजी, पूरा खोलो ना, बस खड़ी है." मी पाठीने त्याला अडवून धरलं. "खुल रहा है भैया, खुल रहा है." दार पूर्ण उघडेपर्यंत पाच मिनिटं घेतली. हात भरून आले. आतली माणसं एकेक करून उठली, ज्याचे त्याचे चेहरे पुसलेले, आणि नेहमीसारखी चपलांवरून भांडत बाहेर गेली.

काका सर्वांत शेवटी आले. डोळे लाल होते, बाकी ठीक.

"हे दार पश्चिमेला आहे, बाई," ते म्हणाले. "सूर्य उलटीकडून काढलात तुम्ही."

"चुकलं, काका."

"वेळ बरोबर घेतलात."

मला वाटलं, आता जातील. त्यांनी सायकलपर्यंत जाऊन हँडलला हात लावला आणि ते परत खिडकीशी आले.

"पुढच्या शोचं एक द्या," म्हणाले. "घरी कोणी नाही आहे."

मी तिकीट फाडून दिलं.