अर्ध्या चेहऱ्याचा प्लॉट

स्टीफनचं लग्न महिन्यावर आलं तेव्हा कृपाने घरात जाहीर करून टाकलं की ती फोटोला उभी राहणार नाही. "पाहुन्यांचं बघीन, सुनेला घरात घेईन, पन त्या फोटोवाल्यासमोर मला ओढायचं न्हाई," ती म्हणाली आणि तिने तव्यावरची भाकरी उलटली.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. धाकट्या मुलीच्या, एंजलच्या, जन्मानंतर कृपाच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उमटले होते आणि कांद्याच्या खुरपणीतल्या उन्हाने ते आणखी गडद झाले होते. तेव्हापासून घरातल्या एकाही फोटोत ती सापडत नव्हती. एंजलच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत तिचं एक कोपर आहे आणि नव्या घराच्या प्रार्थनेच्या फोटोत पदराचं टोक. तिच्या नवऱ्याला, आमोसला, हे फार लागायचं. मुलाच्या लग्नाच्या फोटोत आई नसली तर लोक काय म्हणतील, असं तो बोलून दाखवायचा. पण लोकांचं नुसतं निमित्त होतं, त्यालाच ती फोटोत हवी होती.

म्हणून त्याने मोबाईलवर एक लेप शोधून काढला. डाळीचं पीठ, दही, हळद, बटाट्याचा रस आणि लिंबू. वांग असो नाहीतर उन्हाने काळवंडलेली कातडी असो, सगळं घरच्या घरी जातं, असं व्हिडिओतली बाई सांगत होती. त्या बाईने आयुष्यात कधी ऊन पाहिलं असेल असं तिच्या तोंडावरून वाटत नव्हतं, पण आमोसने तिकडे लक्ष दिलं नाही.

"मी न्हाई लावायची," कृपा म्हणाली. "मागं शेजारच्या छबूबाईनं दिलेल्या क्रीमनं माझं तोंड सुजलं हुतं. आधी सवताच्या तोंडाला लावा, मग माझ्याकडं या."

आता आमोस दुधाचा टेम्पो चालवत असला, तरी त्याआधी तो एका खताच्या कंपनीसाठी गावोगाव प्रात्यक्षिकाचे प्लॉट सांभाळायचा. अर्ध्या वावरात कंपनीचं खत घालायचं, अर्धं वावर बिनखताचं ठेवायचं, मधे दोरी बांधायची आणि पीक डोळ्यात भरायला लागलं की गावाला शिवारफेरीला बोलवायचं. बिनखताच्या अर्ध्या भागाला चेक प्लॉट म्हणत आणि त्याला चुकूनही हात लावायचा नसे. अख्ख्या तोंडाला लेप फासून गुण आला म्हणणं हे त्याच्या दृष्टीने अडाणीपणाचं लक्षण होतं. त्याने नाकाच्या शेंड्यावरून एक रेघ मनातल्या मनात आखली आणि लेप फक्त डाव्या बाजूला लावायचं ठरवलं. डावीच का, तर टेम्पोत कृपा शेजारी बसली की तिला तीच बाजू दिसते.

रोज दूध पोचवून आला की तो अर्धं तोंड पिवळं करून ओट्यावर बसू लागला. आठवडा उलटल्यावर त्याने आरसा अंगणात आणला. आजवर आरशाचा उपयोग त्याने फक्त दाढीपुरता केला होता. आज पहिल्यांदा त्याने पारखी नजरेने दोन्ही गाल पाहिले. उजवा तव्याच्या बुडासारखा होता आणि डावा चांगला गव्हाळ. त्याने कृपाला हाक मारली.

"खरंच की," ती म्हणाली. "लई फरक हाय." नवऱ्याचे दोन गाल असे ताडून बघण्याची वेळ इतक्या वर्षांच्या संसारात तिच्यावरही कधी आली नव्हती.

ही बातमी छबूबाईला कळली आणि मग शिवारफेरी सुरू झाली. बायका येत, आमोस आधी डावीकडून, मग उजवीकडून चेहरा दाखवी आणि लेपाचं प्रमाण समजावून सांगे. काहीजणी गालाला बोट लावून रंग निघतो का ते बघत. बाजारात लिंबं महाग झाली ती आपल्यामुळेच, असं आमोसला वाटू लागलं.

"आमोसभाऊ, आता दुसऱ्या गालाला बी लावा की," छबूबाई म्हणाली. "नवरदेवाचा बाप असा दोन रंगांचा मिरवनार का?"

"चेक प्लॉटला हात लावायचा नसतो, वैनी. आधी कृपा लावंल, मगच मी उजवीकडं लावीन."

झालं. नवरदेवाच्या बापाची शोभा होणार की नाही, हे आता कृपावर येऊन पडलं. ती नाइलाजाने तयार झाली. लग्न तोंडावर आलं म्हणून छबूबाईने लिंबू दुप्पट घालायला सांगितलं, आणि तोंड धुतल्याबरोबर कृपा भर दुपारी वाळवण बघायला गच्चीवर गेली. संध्याकाळपर्यंत तिचे दोन्ही गाल लालबुंद झाले आणि आग आग करू लागले.

दुसऱ्या दिवशी आमोसने तिला नगरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टेम्पो लावायला जागा मिळेना, म्हणून तो खाली टेम्पोतच बसला आणि एंजल आईला घेऊन वर गेली.

"लिंबू लावून उन्हात गेलात? मग कातडी भाजणारच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घरी काही करायचं असेल तर बाहेर पडताना सनस्क्रीन लावा आणि तोंडाला स्कार्फ बांधा. ही आग थांबली की वांगाचं औषध देते. डाग फिके होतील, पण त्याला महिने लागतात. पूर्ण जातीलच असंही नाही."

"पन आमच्या ह्यांना तर आठवड्यात गुन आला."

"त्यांना एकदा घेऊन या. बघू तरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

खाली आल्यावर कृपा टेम्पोत चढली आणि समोर बघत म्हणाली, "आता मी चर्चमधी बी मागच्या बाकावर बसनार. स्टीफनला सांगा, आई हाय, पन दिसनार न्हाई." स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडावं असं आमोसला वाटलं, पण मागून हॉर्न वाजत होते.

लग्नाच्या दिवशी बोलल्याप्रमाणे ती मागच्या बाकावर पदर गालापर्यंत ओढून बसली. पाळकांनी आशीर्वाद दिला, मंडळी मांडवात आली आणि फोटो सुरू झाले. घरच्यांचा फोटो पुढे ढकलता येईल तेवढा ढकलावा म्हणून आमोस फोटोवाल्या मच्छिंद्रला म्हणाला, "आधी माझी दोस्तमंडळी घे." त्याच्याबरोबर दुधाचे टेम्पो चालवणारे बिभीषण आणि बाकीचे ड्रायव्हर पांढरे शर्ट घालून नवरदेवाभोवती रांगेत उभे राहिले.

मच्छिंद्रने कॅमेऱ्यात पाहिलं आणि मान हलवली. "सावली येतीय." त्याने लाईट या बाजूचा त्या बाजूला नेला. "अजून येतीय." लाईट वर चढवला, खाली उतरवला, मांडवाची एक कनात सोडवली. "नवरदेव बरोबर दिसतोय. बाकी सगळे अर्धे काळे येतायत. असं कधी झालं न्हाई."

पंगत खोळंबली म्हणून कृपा तरातरा पुढे आली. "काय घोळ हाय रं?" असं म्हणून तिने रांगेकडे पाहिलं. एक चेहरा पाहिला, दुसरा पाहिला, तिसऱ्याशी जरा थांबली. मग थेट बिभीषणपुढे जाऊन उभी राहिली.

"भावजी, तुमी कोनता लेप लावता?"

"कसला लेप, वैनी? मी साबन बी सनासुदीला लावतो."

"मग तुमचा डावा गाल एवढा उजळ कसा?"

बिभीषणने डाव्या गालाला हात लावला, मग उजव्या. "ह्यो उजवा काळा हुनारच. दिवसभर खिडकीकडं असतो. समद्याच डायवरांचा असतो की."

रांगेतल्या सगळ्यांचे हात आपापल्या गालावर गेले. आमोसचाही गेला, आणि तो तसाच राहिला. ज्या गालाला त्याने इतकी हळद चोपडली, त्या गालाने इतक्या वर्षांत नीट ऊनच पाहिलं नव्हतं.

आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण कृपाला हसू फुटलं. आधी तिने तोंड दाबून धरलं, मग ते आवरेना, मग ती पोट धरून खुर्चीवर बसली आणि डोक्यावरचा पदर केव्हा खांद्यावर आला ते तिला कळलंही नाही. आमोस बघत राहिला. लाल गाल, काळे डाग, डोळ्यांत पाणी. फार सुंदर दिसत होती ती. त्याला एकदम हलकं वाटलं.

"वैनी, आलाच हाय तर घरच्यांचा फोटो घेऊन टाकू," मच्छिंद्र म्हणाला. "फकस्त पदर जरा गालावर घ्या. डाग दिसतायत."

"दिसू दे," म्हणत कृपा उठली आणि स्टीफनच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "तू ह्यांच्याकडं बघ. ह्यांची डावी बाजू पुढं घे. लई मेहनत घेतलीय त्यांनी."

आमोस निमूटपणे वळून उभा राहिला.