तळघरात पाणी, सिंकखाली बाळ

ओल्या-कोरड्याच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. बाळ झाल्यापासून माझं सगळं शिक्षण त्यातच चाललंय. दुपटं ओलं आहे की नुसतंच गार आहे, हे मला डोळे मिटून, एका बोटाने कळतं. त्यामुळे रजेवरून परतल्यावर साहेबांनी तळघरासाठी पाणीगळतीचे सेन्सर निवडायला सांगितले, तेव्हा मनात म्हटलं, या कामासाठी सगळ्या छापखान्यात माझ्याइतकं लायक माणूस नाही.

छापखाना साहेबांचा, आणि मी तिथली व्यवस्था बघते. तळघरात कागदाचे गठ्ठे असतात, पार छताला टेकलेले. मागच्या वर्षी एका रविवारी पाइप फुटला आणि सोमवारी सकाळी सगळा कागद चहात बुडवलेल्या पावासारखा फुगून बसला होता. तेव्हापासून साहेब हात धुतानाही नळाकडे संशयाने बघतात.

मी संधी साधली. म्हटलं, "साहेब, हे काम नीट झालं तर रोज चारला निघू का? सकाळी लवकर येत जाईन. आता नऊला घरी पोचते, तोवर बाळ झोपलेलं असतं. जागं बाळ मला फक्त रविवारी भेटतं."

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "आधी काम तर दाखवा. मग चारचं बघू."

झालं. मी तीन नमुने मागवले. एक बिस्किटाएवढी गोल चकती, जमिनीवर ठेवायची. एक लांब दोरी, भिंतीच्या कडेने अंथरायची, तिच्यावर कुठेही पाणी पडलं की कळतं. तिसरा पाइपवरच बसवायचा, गळती झाली की तो आपणहून पाणी बंद करतो. शुक्रवारी मी चकती फोनला जोडली, तिचं नाव ठेवलं 'तळघर', आणि पाणी लागलं की साहेबांनाही निरोप जाईल अशी सोय केली. पेल्यातलं पाणी ओतलं. वाजली. पण पेल्यातल्या पाण्यावर कुणीही वाजेल. खरी परीक्षा हवी खऱ्या गळतीची, आणि ती आमच्या स्वयंपाकघरात सिंकखाली वर्षभर इमानदारीने चालू आहे. म्हणून चकती घरी आणली, घरच्या वायफायला जोडली आणि सिंकखाली ठेवली. नाव बदलायचं तेवढं राहिलं.

रविवारी सासूबाई म्हणाल्या, "आज मी बघते याला. तू जा, डोक्यावरून नीट अंघोळ कर."

असं वाक्य ऐकलं की कुठलीही आई विचार करत बसत नाही. मी फोन गप्प करून पलंगावर टाकला आणि न्हाणीघरात गेले. केस दोनदा धुतले. टाचा घासल्या. मग काहीच उरलं नाही तरी थोडा वेळ नुसती उभी राहिले. बाहेरून बाळाचं खिदळणं येत होतं, सासूबाईंच्या टाळ्या येत होत्या, मधूनमधून 'टीं टीं' येत होतं. किती सुखी घर आहे आपलं, असं वाटलं.

बाहेर आले तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, काय छान खेळणं आणलंयस. चावलं की वाजतं, पुसलं की गप्प बसतं. सिंकखालून त्यानेच काढलं शोधून."

बाळाच्या तोंडात चकती होती. हनुवटीवरून लाळेचा ओघळ थेट पोटापर्यंत. सासूबाईंनी पदराने चकती पुसली, परत त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वाजव रे, आईला दाखव."

मी फोनकडे धावले. 'तळघर: पाणी आढळले.' 'तळघर: कोरडे.' 'तळघर: पाणी आढळले.' 'तळघर: कोरडे.' बोट दुखेपर्यंत खाली खाली तेच. मधेमधे साहेबांचे न उचललेले फोन. साहेबांना लावला तर तेही उचलेनात.

"आई, मला छापखान्यात जायला हवं. चारचं गेलं बहुतेक. नोकरी राहिली तरी पुष्कळ."

सासूबाईंनी काय झालं ते ऐकून घेतलं, बाळाला उचललं आणि चपला घातल्या. "खेळणं मी दिलं ना हातात? मग बोलणी मी खाईन. चल."

छापखान्याच्या जिन्यावर कागद. गल्लीत कागद. साहेबांच्या गाडीच्या टपावर चादर घालून कागद. मशीनवरची माणसं घामाघूम होऊन भिंतीला टेकलेली. तळघर रिकामं, आणि साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातापायांवर रांगत, फरशीवरून तळवा फिरवत होते.

"पाणी येतंय आणि जातंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी पोचलो तेव्हा नुकतंच गेलं होतं."

गोदाम सांभाळणारे दादा बॅटरी धरून उभे होते. "भरती-ओहोटी आहे, ताई," ते गंभीरपणे म्हणाले.

मी सगळं सांगितलं. सिंक, चकती, बदलायचं राहिलेलं नाव. सांगताना आवाज इतका बारीक होत गेला की शेवटचं वाक्य सासूबाईंनी पूर्ण केलं. "आणि दर वेळी परत वाजव म्हणणारी मी. तिला काही बोलू नका."

साहेब उठले. गुडघे झटकले. बाळाकडे बघितलं. बाळाने त्यांच्याकडे बघून एक लांब, चमकती तार सोडली.

"म्हणजे सकाळपासून," साहेब म्हणाले, "आम्ही याच्या लाळेसाठी तळघर उपसतोय?"

दादा बॅटरी बंद करून म्हणाले, "चला, कागद परत आत."

"थांबा," मी म्हटलं. म्हणजे तोंडातून निघून गेलं. "आधी एक बादली पाणी आणा. फरशीवर ओतू या."

दादांनी माझ्याकडे असं बघितलं की बाळाला माझ्याकडून काढून घ्यावं असं त्यांना वाटत असावं. "सकाळपासून शोधतोय तर थेंब सापडला नाही. आणि आता बाहेरून आणून ओतायचं?"

पण मला माहीत होतं. आमच्या घरी दूध कुठेही सांडलं तरी जाऊन साचतं फ्रिजखालीच. फरशी सपाट दिसते, सपाट नसते. इथे गठ्ठ्यांखाली उतार कुठे आहे हे कुणी कधी बघितलंच नव्हतं, कारण तळघर कधी रिकामं झालंच नव्हतं.

साहेबांनी मान हलवली. बादली आली. पाणी फरशीवर पसरलं, जरा घुटमळलं आणि सरळ मागच्या भिंतीकडे निघालं, जिथे चकती ठेवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याची पट्टी साचली.

"दोरी," मी म्हटलं. "या भिंतीच्या कडेने दोरीचा सेन्सर. चकती एकाच जागचं सांगेल. आणि वरच्या मुख्य पाइपवर बंद करणारा."

साहेब जाऊन त्या भिंतीशी उभे राहिले. मागच्या वर्षी पहिला भिजलेला गठ्ठा त्याच भिंतीचा होता.

"दोन्ही मागवा," ते म्हणाले. मग जिन्यात थांबून, "आणि उद्यापासून चारला निघत जा. नमुने मात्र इथेच ठेवून जायचं."

कागद परत आत गेला तो सगळ्यांनी मिळून. एकानेही मला टोमणा मारला नाही. सासूबाई जिन्यात बसून सगळ्यांना पाणी देत होत्या आणि बाळ पाळीपाळीने सगळ्यांच्या खांद्यावर फिरत होतं. या माणसांचे उपकार मी कुठे ठेवू, मला कळत नव्हतं.

सोमवारी चारला निघाले. बसमधून उतरून अक्षरशः पळत आले. दारात सासूबाई, ओठांवर बोट.

"हळू. आत्ताच झोपलाय. आता साडेसहाशिवाय उठत नाही."

"रोज?"

"रोज. रविवारी तू घरी असलीस की झोपत नाही, तुला कसं माहीत असणार?"

मी दारातच बसले. त्यांनी माझ्या हातातली पर्स काढून घेतली, आत गेल्या आणि चहाचे दोन कप घेऊन आल्या. माझ्या शेजारी, उंबऱ्यावरच टेकल्या.

"बाळ झाल्यापासून आपण दोघी अशा बसलोच नाही बघ," त्या म्हणाल्या. "मी साडेसहापर्यंत एकटीच असते."

चारची सुट्टी मी कुणासाठी मागितली होती, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.