शून्य-एक-चार-सात-दोन

आमचे शेजारी झिंगूजी माळी कोणालाही नावाने हाक मारत नसत, आकड्याने मारत. सकाळी कुंपणापलीकडून "आठ-दोन! ओ आठ-दोन!" असा पुकारा झाला, की आमची बायको म्हणायची, "जा, तुमालेच बलावून राहिले."

त्या साली विलायतेत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि अमरावतीचा बाजार गाड्यांनी फुलून गेला. 'गणपत' म्हणून ओरडलं की पंधरावीस गणपत वळून बघत. त्यावर झिंगूजींनी ही तोड काढली होती. बाजारात वांगी विकता विकता ते ती परगावच्या गाडीवानांना शिकवत.

"सोपं हाये, बाप्पा! आपली अमरावती एक, अकोला दोन, अंजनगाव तीन. मंग वेशीपासून गल्ली मोजा, गल्लीच्या तोंडापासून घर. घरात वयानं माणूस. झाला तुमचा आकडा!"

त्यांच्या हिशोबाने मी एक-चार-आठ-दोन, कारण घरात माझी आई पहिली. पण गल्लीतल्या गल्लीत हाक मारताना पहिले दोन आकडे गाळायचे. गावातल्या गावात फक्त पहिला गाळायचा. आणि परगावी हाक मारायची तर सगळ्यांच्या आधी शून्य लावायचं.

"शून्य काहून?" मी विचारलं.

"नाईतं ऐकणारा गावच्या एकले गल्ली समजन ना!"

माझं डोकं गरगरलं. तरी मी नेटाने विचारलं, "मी वलगावले सासुरवाडीले गेलो, तं तिथचा आकडा घ्याचा का?"

"माणूस कोठी बी जावो," झिंगूजी एकदम मऊ आवाजात म्हणाले, "आकडा घरचाच राह्यते."

पुढे मी कापूस घेऊन अकोल्याला निघालो, तेव्हा ते वाटेची शिदोरी म्हणून वांगी घेऊन आले. "अकोल्याच्या बाजारात एवढं ओरडजा. शून्य-एक-चार-सात-दोन."

मी मनात मोजलं. सातवं घर म्हणजे त्यांचंच. तिथे तर ते एकटे राहत.

"यातला दोन कोन?"

"पुंडलिक. माहा धाकटा भाऊ."

विहिरीच्या पाण्यावरून भांडून तो कापसाच्या गाड्यांबरोबर निघून गेला होता. परतला नव्हता.

"पण झिंगूजी, त्याले आपला आकडा ठाऊक तरी हाये का?"

"काढते तो. गाव माहीत, गल्ली माहीत. माहा धाकटा हाये, हे तं इसरला नसन? गाडीवानायले म्हणून तं शिकवून राहिलो. कोनी ना कोनी त्याले सांगन."

"मंग सरळ तुमचं नाव सांगतो ना."

"झिंगूजीनं बलावलं म्हटलं तं येनार नाई." ते वांग्याची देठं उगाच खुडत राहिले. "आकड्याचा कोनाले राग येते?"

अकोल्याच्या बाजारात मी गाडीवर चढलो आणि लाज सोडून ओरडलो, "शून्य-एक-चार-सात-दोन!"

लोक खो खो हसले. मी पुन्हा ओरडलो.

एक हमाल तेवढा हसला नाही. पाठीवरचा बोजा उतरवून तो बोटांवर मोजत होता. गाव, गल्ली, घर... शेवटच्या बोटाशी आला आणि मटकन खाली बसला.