ट्रॅक्टरची जात

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोरच्या गाळ्यात, हर्षल वकिलांचं कार्यालय होतं. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर गावकऱ्यांना अभिमान वाटेल आणि तहसीलला राग येईल, आणि या दोन्ही गोष्टी प्रकृतीला बऱ्या नाहीत. या कार्यालयात एक साधा अर्ज तयार व्हायला सरासरी पंचेचाळीस मिनिटं लागत. त्यातली पंधरा टायपिंगची आणि तीस अशील नेमकं काय म्हणतोय ते समजून घेण्याची. ही दोन्ही कामं यशोधरा करत असे. वीस वर्षं करत होती. अशिलाने 'त्यो' म्हटलं की तो म्हणजे चुलतभाऊ की साडू, हे तिला नुसत्या सुरावरून कळायचं.

मग नगरला सावेडीतल्या एका हॉटेलात 'विधी व्यवसाय आणि वेग' या विषयावर दिवसभराची कार्यशाळा झाली. जेवण चांगलं होतं. तिथून परतल्यावर हर्षल वकिलांच्या लक्षात आलं, की ती तीस मिनिटं निव्वळ वाया जातात. समजून घ्यायला कायद्यात कुठेच कलम नाही.

त्यांनी 'वाणीवेग' नावाची प्रणाली घेतली. अशिलाने माईकसमोर बोलायचं, प्रणालीने लिहायचं, प्रिंटरने छापायचं. यशोधरेचं पद बदलून 'ध्वनी-पर्यवेक्षक' झालं. पर्यवेक्षकाने काय करायचं, हे माहितीपत्रकात स्पष्ट होतं: काहीही करायचं नाही. मजकुराला हात लावला तर अचूकतेची हमी रद्द.

"किती टक्के अचूक आहे, सर?" यशोधरेने विचारलं.

"नव्व्याण्णव."

"आणि उरलेला एक?"

"ती अशिलाची भाषा."

पहिल्याच दिवशी मालनबाई आल्या. साठीच्या बाई, स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्या. त्यांना माईकसमोर बसवलं. माईक म्हणजे दवाखान्यातलं काहीतरी असावं असं वाटून त्यांनी आधी तोंड उघडून जीभ दाखवली. मग बोलायचंय असं कळल्यावर बोलल्या.

"सायेब, माज्या शेताच्या वाटंवर चुलतदीर गोरक्षनं आडवा चर खांदला. माजा टॅक्टर आत शेतात अडाकला. कांदा उपटून पडलाय, वर आभाळ आलंय. आता वाट न्हाई. गाडी जात न्हाई, मानूस जात न्हाई, टॅक्टर जात न्हाई. वाट मोकळी करून द्या."

प्रिंटरमधून गरम कागद बाहेर आला. वेळ: दोन मिनिटं चाळीस सेकंद. हर्षल वकिलांनी भिंतीवरच्या फळ्यावर विक्रम नोंदवला. यशोधरेने कागद वाचला.

'आता वाट न्हावी. गाडी, जात न्हावी. माणूस, जात न्हावी. ट्रॅक्टर, जात न्हावी.'

"सर, यात चूक आहे. त्या 'नाही' म्हणाल्या."

"यशोधराताई, प्रणालीने पाच कोटी वाक्यं ऐकलीत. तुम्ही किती ऐकलीत?"

यशोधरेने वाक्यं मोजून ठेवली नव्हती. अर्ज तहसीलला गेला.

तिसऱ्या दिवशी तो त्रुटीसह परत आला. 'अर्जदाराने वाहनाची जात नमूद केली असून त्यापुष्ट्यर्थ दाखला जोडलेला नाही. सबब अर्ज विचारात घेता येत नाही.' खाली अव्वल कारकून वाल्मिक भाऊसाहेबांची सही होती.

यशोधरा तडक तहसीलमध्ये गेली. भाऊसाहेब डबा खात होते. तिने सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शेवग्याची शेंग चोखत ती सहानुभूतीने ऐकली.

"म्हणजे तुमचं म्हणणं, ट्रॅक्टरला जात नाही?"

"नाहीच आहे."

"बाई, या देशात आहे आणि जात नाही, असं काही माझ्या टेबलावरून अजून गेलेलं नाही."

"पण गाडीची पण लिहिलीय, माणसाची पण लिहिलीय. त्यांचा दाखला नाही मागितला तुम्ही."

"कुठली गाडी, कोण माणूस? नाव नाही, गाव नाही. ट्रॅक्टरचं मात्र आरसी बुक जोडलंय, नंबरासकट. ज्याची ओळख पटते त्यालाच आम्ही विचारतो."

"मग जात खोडून देते. माझ्या सहीने."

भाऊसाहेबांनी शेंग खाली ठेवली. "जात लावायचा नमुना आहे, बदलायचा आहे, पडताळायचा आहे. खोडायचा नमुना छापलेलाच नाही. तुम्ही दाखल्याचा अर्ज करा. मी आहे ना."

मालनबाईंना हे समजावून सांगायला यशोधरेला पूर्वीसारखी तीस मिनिटं लागली. ऐकून मालनबाई म्हणाल्या, "आगं, त्यो डिझेलवर चालतोय."

"मला माहितीय, मावशी."

"कांदा सडंल तवर."

तेही यशोधरेला माहीत होतं. आभाळ रोज दुपारनंतर भरून येत होतं. ती दर तासाला खिडकीतून वर बघायची. आयुष्यात तिने हजारो अर्ज टाईप केले, पण एका शब्दाला हात लावता न आल्यामुळे कुणाचं पीक जावं, हे पहिल्यांदाच होत होतं.

हर्षल वकील मात्र आनंदात होते. एका अर्जातून दुसरा अर्ज निघाला होता आणि तो दोन मिनिटांत झाला होता.

अडचण पुराव्याची आली. दाखल्यासाठी एकोणीसशे सदुसष्टच्या आधीचा पुरावा लागतो. ट्रॅक्टर दोन हजार बाराचा.

"वडिलांचा चालेल," भाऊसाहेब म्हणाले. "आजोबांचा तर उत्तम. ट्रॅक्टरच्या आधी शेतात कोण होतं?"

"बैल," मालनबाई म्हणाल्या.

"त्यांची नोंद?"

"बैलाची कसली नोंद? पर नांगर हुता. लोखंडी. मामंजींनी आणल्याला. त्याची पावती हाय पेटीत, एकसष्ट सालातली."

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. यशोधरेने वंशावळ तयार केली: मूळ पुरुष, लोखंडी नांगर (मयत, भंगारात), त्याचा वारस, ट्रॅक्टर. खाली शपथपत्र. ते वाणीवेगवरच बोलावं लागलं, त्यामुळे त्यात बाहेरच्या स्टँडवरची 'श्रीरामपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर' ही घोषणाही शपथेवर दाखल झाली. त्याला कुणी हरकत घेतली नाही. ती खरीच होती.

आता राहिली गृहचौकशी. म्हणजे अर्जदार ट्रॅक्टर जिथे राहतो तिथे जाऊन, त्याची राहणी पाहून, चौकशी अधिकाऱ्यांनी अहवाल द्यायचा. ट्रॅक्टर शेतात. शेताच्या वाटेवर चर.

भाऊसाहेबांनी यावर एक दिवस विचार केला आणि आदेश काढला. 'शासकीय चौकशीस्तव चर तात्पुरता बुजवावा. चौकशी संपताच तो पूर्ववत खणून द्यावा, कारण चराबाबतचा वाद प्रलंबित आहे.'

आदेश वाचून हर्षल वकिलांनी समाधानाने मान हलवली. यशोधरेने तो दोनदा वाचला आणि तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. तिने मालनबाईंना फोन लावला.

"मावशी, चौकशी चालू असेपर्यंत वाट मोकळी आहे. टेम्पो सांगा. आणि बाया सांगा, मिळतील तेवढ्या."

"आन् चौकशी किती येळ चालंल?"

"ते माझ्यावर सोडा."

चौकशीच्या दिवशी सकाळीच जेसीबीने चर बुजवला. चौकशी अधिकाऱ्यांची जीप आत गेली. तिच्यामागे टेम्पो गेला, टेम्पोत तेरा बाया आणि पुढे ड्रायव्हरशेजारी यशोधरा. गोरक्ष बांधावर उभा होता. त्याने टेम्पोला हात केला, तर यशोधरा खाली वाकून म्हणाली, "भाऊ, साक्षीदार आहेत. ट्रॅक्टरला ओळखणारे."

अधिकारी निवृत्तीला आलेले, पद्धतशीर गृहस्थ होते. त्यांना दहा मिनिटांत उरकायचं होतं. यशोधरेने मोबाईलवरचं वाणीवेग सुरू केलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "साहेब, नियमाप्रमाणे अर्जदाराचा जबाब अर्जदाराच्याच शब्दांत हवा."

साहेब विचारात पडले. हा मुद्दा कुणी वरून काढला तर? मालनबाईंनी ट्रॅक्टर चालू केला.

"आपलं नाव?" साहेबांनी विचारलं.

ट्रॅक्टर धडधडला. मोबाईलवर अक्षरं उमटली: 'धड धड धड धड.'

"स्पष्ट सांगा."

मालनबाईंनी ॲक्सिलरेटर दाबला. 'होहोहोहोहोहो.'

"होकार आला," साहेब म्हणाले आणि लिहून घेतलं. सण-उत्सव कोणते पाळता? 'होहोहो.' कुलदैवत? ट्रॅक्टर खोकला आणि बंद पडला. भावनिक प्रश्न असल्यामुळे साक्षीदाराला वेळ द्यावा, असं यशोधरेने सुचवलं. वेळ देण्यात आला. मागे कांद्याची दुसरी खेप निघाली. बाया वाकून गोण्या भरत होत्या आणि हसू आवरत नव्हतं म्हणून पदर तोंडात धरत होत्या. प्रश्नावलीत सदतीस प्रश्न होते. यशोधरेने एकही गाळू दिला नाही. एकोणतिसाव्या प्रश्नाला साहेबांना झाडाखाली चहा मिळाला, चौतिसाव्याला चौथी खेप बाहेर पडली, आणि सदतिसावं उत्तर छापून झालं तेव्हा रानात कांद्याची नुसती वाळलेली पात उरली होती.

साहेबांची जीप बाहेर आली. जेसीबीने चर पूर्ववत खणला, मोजून, पूर्वीपेक्षा दोन इंच जास्त नको म्हणून टेप लावून. ट्रॅक्टर आतच राहिला. तो चौकशीतला पुरावा होता. संध्याकाळी गारांसकट पाऊस आला. मालनबाईंचा कांदा चाळीत कोरडा होता. त्यांनी यशोधरेला फोन केला आणि त्या नुसत्या हसत राहिल्या, आणि इकडे यशोधराही.

आठ दिवसांत ट्रॅक्टरला दाखला मिळाला. मालनबाईंनी तो लॅमिनेट केला, चरावर फळी टाकून आत गेल्या आणि बॉनेटवर लावला.

आता गोरक्षला झोप येईना. वाट, चर, कांदा या गोष्टी त्याच्या दृष्टीने किरकोळ झाल्या. तो हर्षल वकिलांकडे आला आणि माईकसमोर बसला.

"तिच्या टॅक्टरला दाखला हाय आन् माज्याला न्हाई. माजा तर नवीन मॉडेल हाय. चारचौघांत जायला त्याला त्वांड न्हाई."

पण त्याला जुना पुरावा हवा होता, आणि एकसष्टचा नांगर दोन्ही घरांचा एकत्र होता. वंशावळीवर मालनबाईंची सही लागणार होती. मालनबाई आल्या. कागद हातात घेतला, पेन घेतलं आणि थांबल्या.

"चर बुजीव."

"वयनी, कोर्टात वाद हाय ना त्याच्यावर?"

"मग तुजा टॅक्टर बिनजातीचा हिंडू दे."

गोरक्षने त्याच दुपारी चर बुजवला, वर मुरूम टाकला आणि रोलर फिरवला. वाट पूर्वीपेक्षा चांगली झाली. जे काम कायद्याला जमलं नव्हतं, ते जातीने एका दुपारी करून दिलं.

त्यानंतर तहसीलसमोर रांग लागली. ट्रॅक्टर, टेम्पो, पाण्याच्या मोटारी, एक पिठाची गिरणी. हर्षल वकिलांना सावेडीच्या पुढच्या कार्यशाळेत व्याख्यानाला बोलावलं. यशोधरा रांगेत अशिलांचे कागद तपासून देत असे. तिथे एक निवृत्त प्राध्यापक उन्हात उभे होते. ते या सगळ्या प्रकारावर मनापासून हसले.

"काय हा अडाणीपणा! यंत्राला जात विचारतात. आपल्या समाजाचं काही खरं नाही." मग त्यांनी तिच्या अक्षराचं, बोलण्याचं कौतुक केलं. "फार स्वच्छ बोलता. नाव काय म्हणालात?"

"यशोधरा."

"हो, पण पुढं?"

"पुढं रांग आहे, सर. सरका."

"नाही, तसं नाही," प्राध्यापक ओशाळून म्हणाले. "आपलं सहज."

या गोष्टीत कुणाचंच आडनाव आलेलं नाही. मालनबाई कोणातल्या, वकील कोणातले, भाऊसाहेब कोणातले, आणि यशोधरा म्हणजे तर नावावरूनच, हे वाचता वाचता तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. आपलं सहजच.