वरची हवा

खंडारे काका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. दारात चपला काढल्या, मान मागे टाकली आणि छताकडे बघत विचारलं, "वरची हवा कुठून जाते?"

मी पाण्याचा ग्लास घेऊन तशीच उभी. हिंदी मुलखातल्या झोटवाड्यातलं हे छोटं घर घेऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता.

"म्हणजे?"

"मतलब, आत आलेली हवा बाहेर कुठून जाते? माणूस दारातून जाते. हवेनं काय करावं?" एवढं झाल्यावर त्यांनी ग्लास घेतला. "जय भीम, ताई. मी खंडारे. अकोल्याचा. रेल्वेतून रिटायर. तीन घरं सोडून राहतो."

रेल्वेच्या कारखान्यात डबे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. माझा नवराही रेल्वेतलाच, त्यामुळे सुधीरवर आपला हक्कच आहे असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पण हक्क ते सगळ्या गल्लीवरच गाजवत. कुणाकडे वास्तुशांत असली की आहेराचं पाकीट देण्याआधी स्टुलावर चढून तळहात छताला लावत. "तापलंय," असं म्हणून जेवायला बसत. एकदा आम्ही एका शेजाऱ्यांकडे सांत्वनाला गेलो होतो. पांढऱ्या चादरीवर सगळे माना खाली घालून बसलेले, एकटे खंडारे काका वर बघत होते. निघताना थोरल्या मुलाचा हात हातात घेऊन म्हणाले, "जाने वाले तो गए. जो रह गए हैं, उनके लिए ऊपर दो झरोके निकलवा लो."

समोरच्या सुमनजींनी त्यांचं ते "ऊपर की हवा, ऊपर की हवा" बरेच दिवस ऐकलं आणि भलताच अर्थ घेतला. लिंबू-मिरच्या घेऊन त्या एका सकाळी त्यांच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. घरातली बाधा कशी उतरवायची ते विचारायला आल्या होत्या. काकांनी त्यांना फाटकाबाहेरच अर्धा तास छताखालच्या माळ्याचं शास्त्र समजावलं.

"तो भूत नहीं है?" सुमनजींनी शेवटी विचारलं.

"भूत से बुरी चीज़ है, भाभीजी. भूत रात में आता है. ये दोपहर में आती है."

आम्ही सगळे हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

दोन वर्षांनी माझ्या सासूबाई साताऱ्याहून कायमच्या राहायला येणार असं ठरलं. त्यांच्यासाठी आम्ही गच्चीवर एक खोली काढायला घेतली. वर उतारावर पत्रे, खाली प्लायवुडचं छत आणि दोन्हींच्या मधे सामान ठेवायला माळा. वाळूचा पहिला ढीग पडला आणि काका हजर झाले. खिशात खडू.

"खालून घ्यायची, वरून सोडायची," ते म्हणाले आणि अर्ध्या बांधलेल्या भिंतीवर बाण काढायला लागले. उताराच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंनी झरोके ठेवायचे, तिथून बाहेरची हवा आत येईल. पत्र्याच्या माथ्यावर आणखी झरोके, तिथून तापलेली हवा निघून जाईल. वर जेवढे, खालीही तेवढेच. कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी लावायची, पण जाळी अर्धी हवा खाते, म्हणून भोक दुप्पट मोठं ठेवायचं. बाथरूमच्या पंख्याचं तोंड माळ्यात उघडायचं नाही, नाहीतर सगळी वाफ तिथे कोंडते. आणि खालच्या झरोक्यांसमोर गाद्या रचायच्या नाहीत. हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं.

मिस्त्री वैतागला. "अंकलजी, हवा का क्या है? अपने आप निकल जाएगी."

"अपने आप तो आदमी भी निकल जाता है," काका म्हणाले.

मिस्त्रीनं गुपचूप झरोके ठेवले.

मे महिन्यात आंधी आली. तासाभरात पिवळी धूळ माळ्यात शिरली आणि मी सासूबाईंसाठी शिवून घेतलेल्या रजया, ट्रंका, सगळं मातीत गेलं. झरोक्यांवर पत्र्याची टोपणं बसवा, असं काकांनी चार वेळा बजावलं होतं. ती आम्ही बसवली नव्हती. पण सुधीरचा राग निघाला तो झरोक्यांवर. दुसऱ्या दिवशी त्यानं मिस्त्रीला बोलावून सगळी भोकं सिमेंटनं बुजवून टाकली.

काकांना ते रस्त्यावरून दिसलं. भर दुपारी ते थेट आत आले. चपला जिन्यापाशी काढून वर गेले, मिस्त्रीच्या शिडीवर चढले आणि तिथेच पडलेली छिन्नी उचलून ओलं सिमेंट खरवडायला लागले. आवाज ऐकून सुधीर वर धावला. त्याच्या मागे मी.

"काका, उतरा खाली!"

"म्हातारी बाई झोपणार हाय इथं."

"माझी आई आहे ती. घर माझं आहे. तुम्हाला लोकांच्या छतांशी काय करायचंय? आधी स्वतःच्या घरात बघा!"

काकांचा हात थांबला. ते एकेक पायरी जपून उतरले, छिन्नी कठड्यावर ठेवली आणि निघून गेले. गल्लीतलं डांबर पार मऊ झालेलं होतं. ते अनवाणीच गेले हे मला चपला दिसल्या तेव्हा कळलं.

त्या घेऊन मी लगेच त्यांच्या मागे गेले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. ते फाटकाशीच बोलत. काकूंना बरं नसतं, एवढंच गल्लीला ठाऊक होतं.

दार उघडंच होतं. काका बादलीत पाय बुडवून बसले होते. शेजारच्या खुर्चीत काकू होत्या. खूप बारीक, मान किंचित डुलणारी, मांडीवरची बोटं सारखी थरथरणारी. मला बघून त्या काहीतरी बोलल्या. शब्द एकमेकांत घरंगळत गेले, मला काही कळेना.

"थे म्हणते, तुम्ही साताऱ्याच्या काय?" काकांनी सांगितलं.

मी हो म्हटलं. मग सुधीरच्या वतीनं माफी मागायला लागले.

"तो बरोबर बोलला," काका म्हणाले. "घरात पाह्यलं नाही मी." आणि बादलीतल्या पाण्याकडे बघत त्यांनी सांगितलं.

त्यांच्या निरोपसमारंभाचा दिवस होता. असाच मे महिना. कोट माळ्यावरच्या पेटीत होता. माळ्याला दोन जाळ्या होत्या, पण कबुतरं घाण करत म्हणून काकांनीच त्या सिमेंटनं बंद केल्या होत्या.

"मी तिले म्हटलं, कोट काढून दे. थे चढली. मी खाली कूलरपुढे बसलो. एकदा आवाज दिला, सापडला का? म्हणे, पाहून राहिली हो. मंग दुसऱ्यांदा आवाज दिला, तं बोलली नाही. मले वाटलं, रागावली. कामाले लावलं का रागावायची. मी डोळे मिटले, ताई. जाग आली तं चार वाजले होते. कोट तिच्या हातात होता."

उष्माघातातून डॉक्टरांनी जीव वाचवला. चालणं, धड बोलणं आणि हातातली पकड मात्र त्या दुपारी गेली ती गेलीच. महिन्याभरानं काकांनी माळा तोडून टाकला.

काकू आता पुन्हा बोलत होत्या. खुर्चीच्या हातावर मनगट आपटत, तेच तेच. तिसऱ्या वेळी मला शब्द लागले.

"याइची... चूक... नाही." यांची, म्हणजे काकांची.

मी काकांकडे पाहिलं.

"थे म्हणते, चहा घेऊन जा," ते म्हणाले आणि ओल्या पायांनी स्वयंपाकघरात गेले.

घरी येऊन मी सुधीरला सगळं सांगितलं. मग स्वतः शिडीवर चढून त्यानं झरोके मोकळे केले आणि आठवड्याभरात टोपणंही बसवली. काकांची माफी मागायला तो दोनदा गेला. दोन्ही वेळा काकांनी त्याला फाटकाशीच उभं करून पत्र्याला पांढरा रंग देण्याबद्दल सांगितलं.

मी अधूनमधून काकूंकडे जाऊन बसते. त्यांचं बोलणं आता मला बरंचसं समजतं. ते तीन शब्द त्या अजूनही म्हणतात, आणि काका अजूनही चहाचंच नाव घेतात. परवा मला राहवलं नाही.

"काका, त्या चहाचं म्हणत नाहीत."

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "सात वर्षं झाली. रोज म्हणते."

मग त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकून निववला, आणि काकूंची हनुवटी तळहातावर तोलून बशी त्यांच्या ओठांना लावली.